फौजी कडक असतो म्हणून नव्हे

माजी सैनिकांच्या रोजगार मेळाव्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. कंपनीचा एचआरवाला माइक हातात घेतो आणि म्हणतो, ‘सेफ्टीसाठी आम्हाला फौजीच हवा. फौजी कडक असतो. तो शॉपवर उभा राहिला की कामगार सरळ येतात.’ मंडपात टाळ्या पडतात. समोर बसलेले नाईक, हवालदार, सुभेदारसाहेब खूश होतात. आयुष्याची उमेदीची वर्षं गणवेशात काढलेल्या माणसाला बाहेर कुणीतरी किंमत दिली, याचं ते समाधान असतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे त्या वाक्याबद्दल. ते कौतुकाचं वाटतं, पण त्यात सैनिकाला दंडुका आणि कामगाराला गुरं समजलं आहे. त्या समजुतीवर जी नेमणूक होते, ती कारखान्यातल्या एकाही माणसाचं बोट वाचवत नाही.

मी लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, ईएमईत, नोकरी केली. नंतर औद्योगिक सुरक्षेची पदविका घेऊन पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं. दोन्हीकडची भाकरी खाल्ली आहे, म्हणून दोन्हीकडचं बोलतो.

समोरच्यांचं म्हणणं आधी पुरतं मांडू. बहुतेक अपघात कामगाराच्या चुकीनं होतात, असं ते म्हणतात. हेल्मेट डोक्यावर नसतं, गॉगल खिशात असतो, मशीनचं गार्ड काढून भिंतीला टेकवलेलं असतं. नियम आहेत, पाळायला कुणी तयार नाही. तेव्हा पाळायला लावणारा माणूस हवा. इंजिनिअर पोरगा संगणकावर तक्ते भरत बसतो, शॉपवर त्याला कुणी विचारत नाही. फौजीचा आवाज एकदा घुमला की काम होतं.

आवाजाचं खरं आहे. बाकीचं तपासायला हवं, आणि त्यासाठी आधी फौजेतच जाऊ.

फायरिंग रेंजवर काय चालतं ते पाहा. जवान वर्षानुवर्षं रायफल हाताळत असतो. डोळे बांधले तरी ती खोलून जोडून दाखवील. शिस्तीत त्याच्या काही उणं नसतं. तरीही रेंजवर लाल झेंडा चढल्याखेरीज पहिली गोळी सुटत नाही. दारूगोळा फायरिंग पॉइंटपासून वेगळा ठेवलेला, त्यावर वेगळा माणूस, त्याचा हिशेब वेगळा. हुकमाशिवाय मॅगझिन चढत नाही. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. रायफल अडकली तरी मागं वळायचं नाही, जागेवरून हात वर करायचा. फायर संपला की ‘जाँच शस्त्र’, मग उस्ताद एकेकाच्या चेंबरमध्ये डोकावून पाहतो. आणि रेंज सोडताना प्रत्येक जण, केस पिकलेला सुभेदारसुद्धा, मोठ्यानं सांगतो की माझ्याजवळ जिवंत राउंड नाही, काडतुसाचं रिकामं खोकंही नाही.

हे सगळं जवान बेशिस्त आहे म्हणून करत नाहीत. माणूस थकतो, उन्हात डोकं गरगरतं, घरून आलेल्या एका फोननं लक्ष उडतं, हे फौजेला पक्कं ठाऊक आहे म्हणून करतात. इतक्या शिस्तीच्या माणसांच्या हातात हत्यार देतानाही फौज नुसत्या शिस्तीच्या भरवशावर राहत नाही. एकाची चूक झाली तरी दुसऱ्याचा जीव जाणार नाही, अशी मांडणी ती आधी करते. दारूगोळ्याच्या डेपोतही हेच. कशाच्या किती साठ्याला शेडांमध्ये किती अंतर ते ठरलेलं, शेडांभोवती मातीचे बांध घातलेले. गेटवर काडेपेटी काढून ठेवायची, मग तो शिपाई असो की ब्रिगेडियर. एवढं असूनही ३०-३१ मे २०१६ च्या रात्री वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाला. आगीशी झुंजणारे अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे लोक त्यात गेले. त्यानंतर चर्चा झाली ती सदोष सुरुंगांच्या साठ्याची. तिथली माणसं कडक नव्हती म्हणून हे घडलं, असं कुणी म्हटलं नाही, म्हणणं शक्यही नव्हतं.

नुसत्या शिस्तीनं काय होतं, याचा धडा भारतीय लष्करानं फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. ऑक्टोबर १९६२, चीनच्या सीमेवरच्या नामका चू नदीचा काठ, सातवी इन्फंट्री ब्रिगेड. अंगावर सुती गणवेश, पोटाला अपुरं, दारूगोळा मोजका. उंचीची सवय होऊ न देता माणसं घाईघाईनं वर चढवलेली. चिनी हल्ला २० ऑक्टोबरला झाला. त्याआधीच थंडीनं आणि उंचीच्या आजारानं माणसं दगावू लागली होती. ब्रिगेडचे कमांडर जॉन परशुराम दळवी यांनी पुढे ‘हिमालयन ब्लंडर’ या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. जागा लढवण्याजोगी नाही, सामान नाही, असं खालून वर सांगितलं जात होतं आणि वर कुणी ऐकत नव्हतं. त्या काठावरच्या एका तरी जवानाला कुणी बेशिस्त म्हणेल का? हुकूम आला, ते चढले, लढले आणि मेले.

आज उंचावर जाणाऱ्या तुकडीला टप्प्याटप्प्यानं थांबवतात. ९ हजार फुटांच्या वर ६ दिवस, १२ हजारांच्या वर ४ दिवस, १५ हजारांच्या वर आणखी ४ दिवस. पहिले दिवस विश्रांती आणि थोडं चालणं, मग चढ, मग पाठीवर वजन. छातीठोक जवानालाही त्यातून सूट नाही. शरीराला जे झेपत नाही ते धाकानं झेपवता येत नाही, हे फौज शिकली.

कारखान्यानं सैनिकाकडून घ्यायचं ते हे. मागितलं जातं ते नेमकं उलटं.

आता पॉवर प्रेसपाशी येऊ. चाकण, भोसरी, रांजणगाव, कुठेही जा, शीट मेटलचे प्रेसशॉप आहेतच. डायमध्ये पट्टी सरकवायची, हात बाहेर घ्यायचे, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, रॅम खाली येतो, पीस पडतो. रॅम उतरताना दोन्ही हात डायच्या बाहेर असावेत म्हणून बटणं दोन. एका पाळीत हेच हजारो वेळा. मग एक दिवस एका बटणाच्या फटीत लाकडाची चपटी पाचर दिसते. ते बटण आता कायम दाबलेलं. एक हात मोकळा झाला, त्या हातानं पीस काढता येतो, पुढची पट्टी ढकलता येते. पीस वाढतात. आणि एखाद्या रात्रपाळीत, पहाटे चारच्या सुमाराला, तो मोकळा हात आत राहतो.

कडक माणूस इथे काय करतो? पाचर उपटतो, ऑपरेटरला चारचौघांत झापतो, दंड लावतो, फोटो काढून अहवालाला जोडतो. व्यवस्थापन खूश होतं. दुसऱ्या दिवशी पाचर परत बसते आणि सेफ्टीवाला लांबून येताना दिसला की निघते. कामगारांत त्याच्या येण्याची खूण ठरते, शिट्टी किंवा पान्याचा एक ठोका. पाचर काढण्याऐवजी माणूस ती लपवायला शिकला, एवढाच त्या कडकपणाचा परिणाम.

रेंजवर जे शिकलं ते ज्याच्या अंगात मुरलं आहे, तो माणूस वेगळी विचारपूस करतो. तासाला किती पीसचं टार्गेट आहे आणि दोन्ही बटणं वापरून तेवढे निघतात का? ही पाचर पाहून सुपरवायझर किती दिवस पुढे निघून गेला? पीस डायला चिकटतो म्हणून हात घालावा लागतोय, मग इजेक्टर कधीपासून बिघडला आहे? एक बटण दाबलेलं राहिलं तरी मशीन चालतं, असं पॅनेल मुळात घेतलं कुणी? दर स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सोडून पुन्हा एकदमच दाबावी लागतील, अशी जोडणी बाजारात मिळते. ती बसवली की पाचर निकामी. समोर लाइट कर्टन बसवला की हात आत असताना रॅम उतरतच नाही. (जुन्या की-क्लचच्या प्रेसला तो चालत नाही, कारण एकदा सुटलेला रॅम मध्येच थांबत नाही. तिथे डायभोवती बंद गार्ड लागतं, नाहीतर प्रेस बदलावा लागतो.)

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ओरडून मिळत नाही. आणि बहुतेक उत्तरांना पैसे लागतात. ‘आम्हाला कडक माणूस हवा’ या मागणीच्या पोटात मला बऱ्याचदा हेच दिसलं आहे. खर्च करायचा नाही आणि धाकावर भागवायचं.

‘पण चूक तर कामगाराचीच असते ना?’ हा यावरचा ठरलेला सवाल. त्याच्या पाठीशी एक आकडा असतो, ८८ टक्के. सेफ्टीच्या वर्गात तो अजूनही फळ्यावर लिहिला जातो. ८८ टक्के अपघात असुरक्षित कृतीमुळे, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे, २ टक्के टाळता न येणारे. हा आकडा अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिचचा, १९३१ च्या पुस्तकातला. त्यानं तो काढला विम्याच्या दाव्यांवरून आणि कारखानदारांनी ठेवलेल्या नोंदींवरून. अपघाताचं कारण सुपरवायझरनं लिहायचं असेल, तर ‘मशीनला गार्ड नव्हतं आणि ते मला ठाऊक होतं’ असं तो लिहील का? तो लिहिणार, ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं.’ आपल्याकडच्या अपघात-अहवालांत आजही तेच वाक्य असतं. लिहिणारा बदलला नाही, तर कारणही बदलत नाही. आणि अशा नोंदींवर उभा असलेला आकडा आपण नव्वद वर्षांहून अधिक काळ पोरांना शिकवतो आहोत.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर उचलणारं यंत्र कोसळलं आणि २० माणसं गेली. त्यांच्या हेल्मेटचे पट्टे हनुवटीला नीट बांधले होते का, हा प्रश्न तिथे विचारायला कुणाची जीभ रेटेल? हेल्मेट, गॉगल, बूट, हातमोजे ही शेवटची तटबंदी. धोका मुळातून काढता येतो का, कमी धोक्याचं काही वापरता येतं का, माणूस आणि धोका यांच्यात आडोसा उभा करता येतो का, हे आधी. कामाची पद्धत आणि परवाने त्यानंतर. जगभर सुरक्षेचं शास्त्र याच क्रमानं शिकवतात. गेटवर हेल्मेट तपासण्यासाठी फौजी ठेवायचा आणि त्याला सेफ्टी म्हणायचं, म्हणजे या क्रमातल्या शेवटच्या पायरीवर सगळा कारभार उरकून घ्यायचा.

दंडाबद्दल थोडं. बांधकामाच्या साइटवर हेल्मेट नसल्यास ५०० रुपये, बेल्ट नसल्यास हजार, असे फलक सर्रास दिसतात. दंड ठेकेदाराच्या बिलातून कापला जातो, ठेकेदार तो मजुराच्या हजेरीतून वसूल करतो. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानं एका वेतन-कालावधीतल्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त दंडाला मनाई केली होती आणि वेतन संहितेनंही तीच मर्यादा ठेवली आहे. कोणत्या कृत्यांना दंड होईल हे आधी मंजूर करून घ्यावं लागतं, कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी लागते, आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्याच भल्यासाठी वापरावी लागते. मनात येईल तो आकडा फलकावर लिहून तो वसूल करायला माजी सैनिकाला उभं करणं, हे बेकायदा काम त्याच्या हातून करून घेणं आहे. देशासाठी उभा राहिलेला माणूस बिहारमधून आलेल्या मजुराच्या रोजातून पैसे काढतो, हे चित्र मला बघवत नाही.

दुसरं कौतुक असं की ‘फौजी सांगितलेलं ऐकतो, वाद घालत नाही.’ सेफ्टीच्या खुर्चीवर याइतका घातक गुण दुसरा नाही. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर आग लागली. एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. तो काढल्याचा परवाना रात्रपाळीपर्यंत पोचला नाही आणि तो पंप चालू केला गेला. शेजारच्या क्लेमोर फलाटावरच्या लोकांना जळता फलाट दिसत होता. तरी तिथून त्याच पाइपलाइनच्या जाळ्यात तेल ढकलणं चालूच राहिलं, कारण बंद करायची परवानगी किनाऱ्यावरून आली नव्हती. १६७ माणसं मेली. हुकमाची वाट पाहणं हा तिथे सद्गुण ठरला नाही.

आणि सैन्य म्हणजे फक्त हुकूम पाळणं, ही समजूतही अर्धवट आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात अमेरिकेच्या विमानवाहू नौकांवर राहून तिथलं काम पाहिलं. त्यांना दिसलं की डेकवरचा सगळ्यात खालच्या हुद्द्याचा खलाशीसुद्धा धोका दिसला तर विमानाचं उतरणं थांबवू शकतो, आणि त्यासाठी त्याला कुणी जाब विचारत नाही. आपल्या रेंजवरही धोका दिसला की ‘थांबा’ म्हणायला हुद्दा लागत नाही. चांगल्या युनिटात हे जवानाच्या अंगवळणी पडलेलं असतं. मालकाला फौजी हवा असेल तर त्यानं हा फौजी मागावा: ऑर्डरची तारीख उलटत असताना टाकीत उतरणाऱ्या माणसाला अडवून, आतला ऑक्सिजन मोजल्याशिवाय कुणी उतरणार नाही, असं प्लांट मॅनेजरच्या तोंडावर सांगणारा.

एक फरक मात्र फौजीनंही नीट समजून घ्यायला हवा. लष्करी कायदा १९५० च्या कलम ४१ मध्ये वरिष्ठाचा हुकूम मोडणं हा गुन्हा आहे. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात जे कलम ४१-एच आलं, त्यानं समोर जिवावरचं संकट दिसत असेल तर ते वरिष्ठांच्या आणि सुरक्षा समितीच्या नजरेला आणण्याचा हक्क धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातल्या कामगाराला दिला. शॉपवरचा कामगार आपल्या सेक्शनमधला जवान नव्हे. तो तक्रार करतो, युनियनकडे जातो, उलट प्रश्न विचारतो. ते त्यानं करायलाच हवं. त्याच्या तोंडून जे कळतं ते कुठल्याही ऑडिटात सापडत नाही. फौजेत कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हटलं की जवानाच्या मनात पहिला प्रश्न येतो, आता कोण अडकणार? ती सवय गेटबाहेर ठेवावी लागते. थोडक्यात हुकलेल्या अपघाताची खबर देणाऱ्याला अडकवलं, तर पुढची खबर येत नाही, थेट अपघात येतो. आणि पॅकिंग लाइनवर बायका मोठ्या संख्येनं असतात. जून २०२१ मध्ये पिरंगुटजवळ उरवड्याच्या कारखान्यात जळून गेलेल्यांत बहुतेक बायकाच होत्या. सगळी नोकरी पुरुषांच्या बराकीत काढलेल्या माणसाला त्यांच्याशी बोलायला, त्यांचं ऐकून घ्यायला मुद्दाम शिकावं लागतं.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींना एक उत्तर. ‘फौजीला केमिकलमधलं काय कळणार, तो गेटवरच बरा,’ असं म्हणणारे इंजिनिअर मला भेटले आहेत. त्यांनी लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर नौदलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे खलाशांना आग, पाणी शिरणं, विषारी वायू यांच्याशी झुंजायला कसं शिकवतात, याची माहिती घ्यावी. सॅपर स्फोटकं हाताळतो, लष्कराच्या रसद-पुरवठ्याच्या शाखेचा, एएससीचा, माणूस पेट्रोलियमचे साठे सांभाळतो, ईएमईचा कारागीर क्रेन, वेल्डिंग, बॅटरी, हायड्रॉलिक्स यांत आयुष्य घालवतो. शिवाय आज चाकणला ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेशची पोरं कामाला आहेत. देशभरच्या पोरांबरोबर एका लंगरात जेवलेला हवालदार त्यांच्याशी ज्या सहजपणे बोलतो, ते पुण्याच्या कॉलेजातून आलेल्या पोराला जमायला वेळ लागतो. आणि आणखी एक गोष्ट. लांब कूच झालं की सेक्शन कमांडर जवानांचे बूट उतरवून पायांचे फोड पाहतो. माणसाच्या पायाकडे वाकून पाहायची ही सवय मला कुठल्याही पदविकेच्या अभ्यासक्रमात आढळली नाही.

मग अडतं कुठे? सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी महाराष्ट्राचे १९८२ चे नियम आहेत. अभियांत्रिकीची किंवा विज्ञानाची पदवी, नाहीतर अभियांत्रिकी पदविका, कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून ठरावीक वर्षांचा अनुभव, वर औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका आणि बहुसंख्य कामगारांची भाषा येणं, अशा त्यांच्या अटी. पात्रतेला माझा विरोध नाही. ती ढिली करा असं मी कधीच म्हणणार नाही, कारण इथे अडाणीपणाची किंमत दुसऱ्याच्या जिवानं चुकती होते. पण अनुभव ‘कारखान्यातला’ हवा, आणि सैन्याच्या फिरत्या युनिटला तर कारखाने कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेलं. फील्ड वर्कशॉपमध्ये माणसांकडून बिनअपघाताचं काम करून घेतलेला नायब सुभेदार मग ‘सेफ्टी स्टुअर्ड’ नाहीतर ‘सेफ्टी मार्शल’ होतो. पगार ठेकेदाराचा, अंगावर हिरवं जॅकेट, हातात शिट्टी आणि काम थांबवायचा अधिकार शून्य. जबाबदारी मात्र अपघात झाला की पहिली त्याच्यावर.

याच नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या मेळाव्यात कुणी वाचून दाखवत नाही. सुरक्षा अधिकारी कारखान्याच्या मुख्याच्या थेट हाताखाली काम करील, प्रॉडक्शन मॅनेजरच्या नव्हे. आणि त्याच्या कर्तव्यांना बाधा येईल असं दुसरं कुठलंही काम त्याच्यावर टाकता येणार नाही. गेटपास, कँटीन, बसचे रूट, चोरीचा तपास, संप झाला तर कामगारांना हुसकावणं ही कामं ज्या फौजी सुरक्षा अधिकाऱ्याच्या गळ्यात मारली जातात, त्याच्या बाबतीत नियम मोडला जातो आहे. अपघात टाळण्याची कायदेशीर जबाबदारी भोगवटादाराची, म्हणजे मालकाची. अधिकाऱ्यानं सल्ला द्यायचा, मदत करायची, पाठपुरावा करायचा. रात्री संपकऱ्यांना हाकलणाऱ्या माणसाकडे सकाळी येऊन ‘साहेब, त्या टाकीचा वास वेगळा येतोय’ असं कोण सांगेल?

हा प्रश्न आत्ता निकडीचा झाला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सुरक्षा अधिकाऱ्याच्या सक्तीसाठी जुन्या कायद्यात सर्वसाधारण कारखान्याला हजार कामगारांचा आकडा होता, तो आता ५०० वर आला आहे. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याला आणि बांधकामाला तो २५० आहे. जागा वाढणार. (शंभर माणसांच्या प्रेसशॉपला अजूनही सक्ती नाही आणि बोटं तिथेच जातात, हे दुःख वेगळं.) दुसरीकडे जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीला भरू लागतील. चारातला एक कायम होणार, तिघं पंचविशीच्या आत-बाहेर घरी येणार. त्यांच्याकडे आत्ताच ‘तयार शिस्तबद्ध मनुष्यबळ’ म्हणून पाहिलं जातं आहे. ही पोरं गेटवर उभी करून संपवायची की त्यांना शिकवायचं, हे राज्यानं ठरवायचं आहे. तांत्रिक ट्रेडमधल्या सेवेची वर्षं पर्यवेक्षकीय अनुभवात कशी आणि किती धरायची, याचा लेखी निकष औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयानं काढावा. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत आणि राज्यातल्या पदविका संस्थांत माजी सैनिकांसाठी जागा राखाव्यात. सेवेच्या शेवटच्या वर्षातच त्यांना कारखान्यात उमेदवारी करता यावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी कंपन्यांना मंडप देण्याआधी त्या कोणत्या पदासाठी, कोणत्या अधिकारासह माणूस नेणार आहेत, हे लेखी मागावं.

आणि फौजेतून बाहेर पडणाऱ्या माझ्या भावांना सांगणं एवढंच, की नियुक्तीपत्र हातात आलं की पगाराचा आकडा पाहण्याआधी दोन ओळी शोधा. तुम्ही कुणाला उत्तरदायी आहात, आणि धोका दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे की नाही. पहिल्या ओळीत प्रॉडक्शन मॅनेजर किंवा ठेकेदार असेल आणि दुसरी ओळ पत्रातच नसेल, तर त्यावर सही करू नका.